‘जर्मनीचे पैसे कधी येणार?’ : पाणलोटाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

कृषी पदवी घेऊन मी नगर जिल्ह्यात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात लागलो. डोंगरापासून शेतापर्यंत माती आणि पाणी अडवायचं, असं ते काम. गावात पाय ठेवला की पहिला प्रश्न यायचा, “जर्मनीचे पैसे कधी येणार?” या प्रश्नाचं उत्तर आम्हाला पाठ असावं लागे, कारण गाव आमच्यावर विश्वास ठेवेल की नाही ते त्यावरच ठरायचं.

पैसा जर्मन सरकारचा. तो केएफडब्ल्यू या जर्मन सरकारी विकास बँकेमार्फत यायचा आणि इथे नाबार्ड ही शेती-ग्रामविकासाची राष्ट्रीय बँक तो सांभाळायची. गावकऱ्यांना तयार करण्याच्या टप्प्याला जीटीझेड या जर्मन सरकारच्या तांत्रिक सहकार्य संस्थेची मदत असे. हीच आता जीआयझेड. ही सगळी घडी बसवण्यामागे फादर हर्मन बाखर हे जेझुइट धर्मगुरू होते. मूळचे स्वित्झर्लंडचे, पण १९४८ पासून इथलेच झालेले. नगरची वॉटर (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही पाणलोटाचं काम करणारी संस्थाही १९९३ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली.

मात्र पैसा आधी येत नसे. आधी गावाने चार दिवस श्रमदान करून दाखवायचं, ग्रामसभेने पाणलोट समिती नेमायची, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी मान्य करायची. मग वर्ष-दीड वर्ष थोड्या क्षेत्रावर काम, आणि ते जमलं तर पूर्ण प्रकल्प. त्यातही अकुशल मजुरीचा किमान १६ टक्के वाटा श्रमदानाचा. मला ही अट सुरुवातीला जाचक वाटली होती. आज वाटतं, संपूर्ण कार्यक्रमातली सगळ्यात शहाणी अट हीच होती.

खरं काम शिकायचं ते नेट प्लॅनिंगमध्ये, म्हणजे शेतनिहाय आखणीत. गट नंबरप्रमाणे प्रत्येक शेतात जायचं, नवरा-बायको दोघांना सोबत घ्यायचं आणि बांध कुठे, चर कुठे, झाडं कोणती हे जागेवर ठरवायचं. एका शेतात मी मालकाशी बोलून बांधाची जागा कागदावर मांडली. बाई गप्प उभी होती. निघताना म्हणाली, “तिथं नका घालू. पाणी वरच्या कोपऱ्यातून फुटतं, दरसाल माझी बाजरी नेतं.” वर जाऊन पाहिलं तर माती वाहून गेल्याची घळ स्पष्ट दिसत होती. ए-फ्रेमने, म्हणजे ‘A’ आकाराच्या साध्या लाकडी चौकटीने, समपातळी काढता येणं गरजेचं आहेच, सातबारा आणि गटाचा नकाशाही वाचता आला पाहिजे. पण दोघांनी होकार दिल्याशिवाय कागद पुढे सरकवू नका.

माझी चूक झाली ती चराईबंदीत. एका गावात जमीनवाल्यांनी हात वर करून होकार दिला आणि मी ठराव झाला असं धरलं. वाडीवरच्या भूमिहीन घरांचं सगळं शेळ्यांवर चालत होतं, हे मला नंतर कळलं. डोंगर एकदम बंद झाला, दोन घरांनी पडत्या भावात शेळ्या विकल्या. विहिरींना पाणी वाढलं, पण त्या दोन घरांना विहीरच नव्हती. याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या गावात मी ग्रामसभेच्या आधी चार संध्याकाळी वाडीवर बसलो. डोंगर तीन भागांत, एकेक करून बंद करायचा असं ठरलं. राखलेल्या भागातलं गवत कापून न्यायला पहिला मान शेळ्यावाल्यांचा, हेही समितीच्या वहीत लिहून घेतलं आणि वाडीवरच्या एका बाईलाच समितीत घेतलं. ठराव पंधरा दिवस उशिरा झाला. शेळी एकही विकली गेली नाही.