वीज सहकारी संस्थेची वार्षिक सभा: सभासदाने काय तपासावे

अमेरिकेतल्या वीज सहकारी संस्थेत ग्राहक हाच मालक. मत एकाला एकच, मग वापर एका घराचा असो की कारखान्याचा. पण गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान सभासदसंख्या, झाली नाही, तर सभेत निवडणूक किंवा पोटनियमातली दुरुस्ती अडकून पडते. म्हणून सूचनापत्र येताच आधी पाहा: मतदान टपालाने, ऑनलाइन की प्रत्यक्ष, आणि मत नोंदवायची शेवटची तारीख कोणती. जोडणी पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असली तरी मत बहुधा एकच धरतात; पोटनियम वाचून खात्री करा.

मग खंडिततेचा आकडा मागा, म्हणजे वर्षभरात सभासदामागे सरासरी किती मिनिटे वीज गेली ते. खरी सेवा इथेच कळते. समजा, १००० सभासदांपैकी २०० जणांची वीज ९० मिनिटे गेली. २०० × ९० = १८,०००; भागिले १००० म्हणजे सरासरी १८ मिनिटे. मोठ्या वादळाचे दिवस यातून वगळलेले असू शकतात, तेव्हा दोन्ही आकडे विचारा. नुसता वादळाचे दिवस वगळून काढलेला आकडा दिला, तर तारांजवळच्या झाडांची छाटणी रखडली आहे की नाही हे उमगत नाही.

वर्षाची शिल्लक वापराच्या प्रमाणात सभासदांच्या भांडवली खात्यात जमा होते. रोख मात्र संचालक मंडळ ठरवेल तेव्हा, कित्येकदा दहा-वीस वर्षांनी. घर बदलताना नवा पत्ता जरूर कळवा, नाहीतर धनादेश परत जातो आणि हक्काचा पैसा बेवारस पडतो.