स्पर्धेच्या घोड्याला औषध देताना

नांदेडच्या आमच्या तबेल्यात औषधाची वही दाराशीच टांगलेली असते. तारीख, वेळ, मात्रा, देणाऱ्याची सही. घोडा लंगडत असेल तर औषध द्याच. स्पर्धा सोडा, मुक्या जनावराला दुखणं अंगावर काढायला लावू नका.

एफईआय म्हणजे घोडेस्वारीची आंतरराष्ट्रीय संघटना. तिच्या यादीत दोन गट आहेत, बंदी असलेली औषधं आणि नियंत्रित औषधं. दुखणं-सूज कमी करणारं फिनाइलब्युटाझोन नियंत्रित आहे. उपचाराला चालतं, पण स्पर्धेत अंगात सापडलं की घोडा बाद. शोधकाळ, म्हणजे औषध तपासणीत सापडत राहतं तो काळ, 7 दिवसांचा, पण त्यावर आणखी किती थांबायचं ते पशुवैद्यकालाच विचारा.

मिरचीतलं कॅप्सेसिन पूर्ण बंद. 2008च्या ऑलिंपिकमध्ये त्यापायी घोडे बाहेर गेले. म्हणून मिरची कांडलेले हात आणि दुखण्याचे मलम घोड्यापासून लांब ठेवा. चहाचा उष्टा कपही गव्हाणीत नको, त्यातलं कॅफिन सापडतं. आणि जाब मोतद्दाराला नाही, आधी स्वाराला विचारतात. वही रोज त्यानंच तपासावी.