कमांड-लाइन प्रोग्रॅमची टेस्ट आपोआप कशी चालवायची

हिंजवडी असो की खराडी, प्रत्येक टीमकडे कमांड-लाइनवर चालणारे दोन-चार घरगुती प्रोग्रॅम असतात. एखादा सीएसव्ही तपासतो, एखादा रात्री रिपोर्ट काढतो. त्यांची तपासणी मात्र बहुतेकदा डोळ्यांनीच होते: कमांड मारली, आकडा आला, बरोबर दिसतोय, चला पुढे. मग कधीतरी कुणी एक ओळ बदलतं आणि क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) निमूटपणे चुकीचे आकडे पाठवत बसतो.

फंक्शनल टेस्ट म्हणजे प्रोग्रॅमच्या पोटात न शिरता, वापरणारा जसा वापरेल तसा तो बाहेरून चालवून बघणं. आत पायथॉन आहे, गो आहे की कुणी जुनं पर्ल ठेवलंय, याच्याशी टेस्टला देणंघेणं नाही. आत जातं ते एवढंच: आर्ग्युमेंट, स्टँडर्ड इनपुट, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि फाइली. बाहेर येतं ते स्टँडर्ड आउटपुट, स्टँडर्ड एरर (चुकांचे संदेश जातात तो वेगळा मार्ग), एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा) आणि बदललेल्या फाइली. बाहेर येणाऱ्या या चारही गोष्टी तपासल्या तरच टेस्ट पुरी झाली. बहुतेक जण पहिलीवर थांबतात.

उदाहरणाचा प्रोग्रॅम

समजा, रिक्षाचं भाडं काढणारा "भाडे" नावाचा प्रोग्रॅम आहे. लिनक्सवर फाइलचं नाव आणि ऑप्शन देवनागरीत चालतात. नियम असे: पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये, पुढे किलोमीटरला 17, रात्री 12 ते 5 पंचवीस टक्के जादा, आणि उत्तर पूर्ण रुपयांत, अर्धा रुपया वर ढकलून. पूर्ण रुपया अगदी शेवटी, एकदाच करायचा.

```
$ ./भाडे --अंतर 3 --वेळ 14:00
51
$ ./भाडे --अंतर 3 --वेळ 01:00
63
$ ./भाडे --अंतर तीन
भाडे: अंतर आकड्यात हवं: तीन
$ echo $?
2
```

शेवटच्या कमांडचं नाव तेवढं रोमन उरलं, ते "इको" असं वाचा. $? म्हणजे आधीच्या कमांडचा एक्झिट कोड.

आता 3 किलोमीटरच का? कारण 2 आणि 4 घेतले तर चूक सापडत नाही. पायथॉनचं राउंड हे फंक्शन बरोबर अर्ध्यावर आलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं. 2 किलोमीटरला 33.50 होतात, त्याचे 34. 4 ला 67.50, त्याचे 68. दोन्ही उत्तरं आपल्या नियमाशी जुळतात आणि टेस्ट हिरवी (पास) होते. 3 किलोमीटरला मात्र 50.50 होतात आणि राउंड 50 देतं, हवेत 51. तोच आकडा रात्रीच्या केसमध्येही उपयोगी पडतो: 50.50 ची सव्वापट 63.125, म्हणजे 63. कुणी आधी 51 करून मग सव्वापट केली तर 63.75 होतात आणि 64 छापले जातात. एका अंतरात दोन चुका पकडल्या जातात. टेस्टसाठी आकडे निवडायचे ते असे, प्रोग्रॅम कुठे घसरेल ते ताडून.

याशिवाय 1.5, 1.51, 0, उणे 2, रिकामं आर्ग्युमेंट आणि देवनागरी "३" हे सगळं घ्या. शेवटचं हौस म्हणून नाही: पायथॉनचं फ्लोट देवनागरी अंक मुकाट्याने स्वीकारतं, तर सी मधलं एटॉफ त्याचा शून्य करतं. म्हणजे एकात 51 रुपये येतील आणि दुसऱ्यात 25, एरर कुठेच नाही. काय व्हायला हवं ते आधी ठरवा आणि केस लिहा.

केस फोल्डरमध्ये ठेवा

सुरुवातीला कुठलीही लायब्ररी लागत नाही. प्रत्येक केसला एक फोल्डर:

```
टेस्ट/
  07-रात्रीचं-भाडं/
    कमांड
    इनपुट
    हवं-आउटपुट
    हवी-एरर
    हवा-कोड
```

हे सगळं चालवणारी बॅश स्क्रिप्ट तीस-चाळीस ओळींत होते. प्रत्येक केससाठी ती नवं तात्पुरतं फोल्डर तयार करते, त्यात जाते, टाइमआउट या कमांडखाली 10 सेकंदांच्या मर्यादेत प्रोग्रॅम चालवते, आउटपुट आणि एरर वेगवेगळ्या फाइलींत घेते, एक्झिट कोड टिपते आणि डिफने (दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड) ताडून बघते. खरी मेख तपशिलात आहे.

एक्झिट कोड लगेच पुढच्याच ओळीत व्हेरिएबलमध्ये घ्या. मध्ये एखादी इको आली तर $? मध्ये इकोचा कोड राहतो, आणि तो शून्य असतो. फंक्शनमध्ये लोकल व्हेरिएबल जाहीर करून त्याच ओळीत कमांडचं आउटपुट भरलं तर कोड लोकलचा मिळतो, कमांडचा नाही. दोन ओळी करा. पाइपलाइनमध्ये शेवटच्या कमांडचा कोड मिळतो, त्यामुळे लॉग बघता यावा म्हणून टी (आउटपुट फाइलमध्येही उतरवणारी कमांड) जोडली की प्रोग्रॅम मेला तरी शून्यच. यावर बॅशचा पाइपफेल ऑप्शन चालू करणं हा उपाय.

आउटपुट व्हेरिएबलमध्ये घेऊन ताडू नका, फाइलमध्ये घ्या. $( ) शेवटच्या सगळ्या न्यूलाइन खाऊन टाकतं. शेवटची न्यूलाइन छापायची राहिली आणि पुढच्या टूलने शेवटची ओळ वाचलीच नाही, हा बग अशा टेस्टमधून कधीच सापडणार नाही.

आणि सगळ्यात फसवी चूक: स्क्रिप्ट केसची यादी व्हाइल-रीड लूपने वाचते आणि प्रोग्रॅमला इनपुट दिलेलं नसतं. मग प्रोग्रॅम लूपचंच इनपुट पिऊन टाकतो. पहिली केस चालते, बाकीची यादी संपलेली असते आणि स्क्रिप्ट "सगळं पास" म्हणून मोकळी होते. इनपुट फाइल नसेल तर स्टँडर्ड इनपुट डेव्ह-नल या नेहमी रिकाम्या फाइलकडे वळवा. शिवाय शेवटी किती केस चालल्या तो आकडा छापा आणि तो फोल्डरच्या संख्येशी जुळतो का बघा.

कोडचा अर्थ

शून्य म्हणजे यश, बाकी सगळं अपयश, एवढ्यावर भागवू नका. नेमका कोड तपासा. 127 म्हणजे कमांड सापडलीच नाही, 126 म्हणजे सापडली पण चालवता येत नाही, 124 म्हणजे टाइमआउटने थांबवली, 139 म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीत नको तिथे हात घातल्याने प्रोग्रॅम मेला). "चुकीच्या इनपुटवर शून्य सोडून काहीतरी यावं" अशी सैल अट लिहिली तर प्रोग्रॅमच्या नावात टायपो असला तरी टेस्ट पास होते, कारण 127 हेही शून्य नाही.

काही प्रोग्रॅम चुकांची संख्याच एक्झिट कोड म्हणून देतात. कोडचे खालचे आठच बिट पोचतात, म्हणून 256 चुका झाल्या की शेलला शून्य दिसतो. 256 चुकीच्या ओळींची एक फाइल बनवून ठेवा. तयार करायला मिनिटही लागत नाही.

अजून एक स्वस्त केस: लिनक्सवर डेव्ह-फुल नावाची फाइल असते, तिच्यात काही लिहायला गेलं की डिस्क भरल्याची एरर मिळते. प्रोग्रॅमचं आउटपुट तिकडे वळवा. काहीच छापलं न जाता कोड शून्य आला तर खऱ्या सर्व्हरची डिस्क भरेल त्या रात्रीही तो शून्यच देईल.

वातावरण बांधून टाका

"माझ्या मशीनवर चालतं" याचं मूळ जवळपास नेहमी एन्व्हायर्नमेंटमध्ये असतं. प्रत्येक केस कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये सुरू करा आणि मोजकीच व्हेरिएबल द्या: पाथ, तात्पुरत्या फोल्डरकडे दाखवणारं होम, लोकेल (भाषा आणि प्रांताची सेटिंग) आणि टाइमझोन. होम बदललं नाही तर प्रोग्रॅम तुमची स्वतःची कॉन्फिग फाइल वाचतो. लोकेल बदललं की सॉर्टचा क्रम बदलतो.

टाइमझोनचं दुखणं आपल्याकडे ठरलेलं. बिल्ड सर्व्हर (कोड पुश झाला की टेस्ट चालवणारं मशीन) बहुधा यूटीसीवर असतो, पुण्याचं घड्याळ साडेपाच तास पुढे. आपली रात्रीची 12 ते 5 ही वेळ सर्व्हरच्या घड्याळात संध्याकाळी 18:30 ते 23:30 असते. "आत्ताची वेळ" वापरणारी टेस्ट दिवसा ऑफिसमध्ये पास होते आणि रात्री उशिरा कोड पुश करणाऱ्याच्याच नशिबी फेल येते. टाइमझोन व्हेरिएबलला एशिया/कोलकाता द्या, पण तेवढ्याने काम होत नाही. वेळ बाहेरून देता आली पाहिजे. आपल्या प्रोग्रॅममध्ये --वेळ आहे ते याचसाठी. प्रोग्रॅमला हात लावता येत नसेल तर प्रोग्रॅमला खोटी वेळ दाखवणारं लिबफेकटाइम वापरा.

मराठी मजकूर असेल तर

डिफ दोन ओळी वेगळ्या आहेत म्हणतो आणि डोळ्यांना त्या हुबेहूब सारख्या दिसतात, असा प्रसंग इथे हटकून येतो. खडकवासल्याजवळच्या गोऱ्हे गावाचं नाव घ्या. "गोऱ्हे" मधला ऱ एकसंध अक्षर म्हणून टाइप केला तर शब्द यूटीएफ-8 मध्ये 18 बाइटचा. र आणि नुक्ता असे दोन भाग करून आला तर 21 बाइटचा. र, हलन्त आणि झीरो-विड्थ जॉइनर असा आला तरी 21 चाच, पण बाइट वेगळे. पहिले दोन युनिकोड नॉर्मलायझेशनने (सारख्या अक्षरांना एकच ठरलेलं रूप देणं) एक होतात, तिसरा होत नाही. तोही एक व्हायला हवा असेल तर प्रोग्रॅमने स्वतः बदलून घ्यायला हवा. तिन्ही रूपांच्या तीन केस ठेवा, आणि शंका आली की ओडी कमांडने बाइट उघडून बघा, स्क्रीनवर विसंबू नका.

तसंच रकान्यांचं. "पुणे" डोळ्यांना दोन अक्षरं, युनिकोडला चार कोडपॉइंट, फाइलला 12 बाइट. स्पेस भरून सरळ केलेले रकाने जशास तसे ताडणारी टेस्ट म्हणजे कटकट विकत घेणं. टॅबने वेगळं केलेलं आउटपुट देणारा एक ऑप्शन ठेवा आणि टेस्ट त्याच्यावरच लिहा.

प्रश्न विचारणारे प्रोग्रॅम

"खात्री आहे का? हो/नाही" असं विचारून थांबणाऱ्या प्रोग्रॅमला साधा पाइप पुरतोच असं नाही. समोर टर्मिनल आहे की नाही हे बघून कित्येक प्रोग्रॅम रंग, प्रॉम्प्ट आणि बफरिंग बदलतात. इथे खोटं टर्मिनल लागतं. डॉन लिब्स यांचं एक्स्पेक्ट 1990 पासून हेच काम करतंय; पायथॉनमध्ये पीएक्स्पेक्ट आहे. प्रॉम्प्ट दिसेपर्यंत थांबा, मग उत्तर पाठवा. दोन सेकंद स्लीप टाकून भागवलं तर ज्या दिवशी सर्व्हर दमलेला असेल त्या दिवशी टेस्ट फेल. खोटं टर्मिनल तुम्ही पाठवलेलं उत्तर परत छापतं आणि प्रत्येक न्यूलाइनच्या आधी कॅरेज रिटर्न घालतं, हेही ताडताना लक्षात घ्या.

कंट्रोल-सी दाबल्यावर अर्धवट फाइल मागे राहते का, हे तपासताना एक खाच आहे: शेल स्क्रिप्टमधून बॅकग्राउंडला सोडलेल्या प्रोसेसला इंटरप्ट सिग्नल दुर्लक्षित करूनच सुरू केलेलं असतं. तुम्ही सिग्नल पाठवता आणि काही होत नाही. दोष प्रोग्रॅमचा नसतो. ही टेस्ट पायथॉनमधून प्रोसेस सुरू करून लिहा.

बॅट्सवर कधी जायचं

पन्नासेक केस झाल्या, तयारी आणि आवराआवर सारखी लिहावी लागायला लागली, की बॅट्स-कोअर हे बॅशमध्ये टेस्ट लिहायचं टूल घ्या. त्यात रन ही कमांड कोड आणि आउटपुट टिपून देते. तीन ठिकाणी नवखे अडकतात. एक, रन मुळात आउटपुट आणि एरर एकत्र करते. वेगळे हवे असतील तर आवृत्ती 1.5 पासून त्यासाठी ऑप्शन आहे. दोन, रनच्या ओळीत पाइप लावला तर तो रनच्या बाहेर लागतो आणि टिपलेली व्हेरिएबल हरवतात. पूर्ण पाइपलाइन बॅशला एका स्ट्रिंगमध्ये द्या. तीन, नुसतं उद्गारचिन्ह लावलेली उलटी अट टेस्टच्या मध्ये असेल तर ती मोडली तरी टेस्ट फेल होत नाही.

नवी केस लिहिली की एकदा प्रोग्रॅम मुद्दाम बिघडवा: 17 चे 16 करा, एरर स्टँडर्ड आउटपुटवर छापा, कोड शून्य करा. केस लाल झाली नाही तर ती काहीच तपासत नाहीये. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं.

आउटपुटमधली तारीख, प्रोसेस क्रमांक, तात्पुरत्या फोल्डरचा पाथ सेडने (मजकूर शोधून बदलणारी कमांड) झाकावा लागतो. झाकण नेमकं ठेवा. "कुठलाही आकडा" झाकला तर भाडंही झाकलं जाईल. हव्या आउटपुटच्या फाइली एका ऑप्शनने नव्याने लिहिता येतात, ती सोय फक्त स्वतःच्या मशीनवर ठेवा; बदललेल्या फाइली कमिटमध्ये दुसऱ्या कुणीतरी ओळ न् ओळ वाचायच्या.

बिल्ड सर्व्हरवर गेल्यावर एखादीच केस हट्टाने फेल होत असेल तर आधी ती परवानगीची केस आहे का बघा. फाइलची वाचायची परवानगी काढून "वाचता येत नाही" अशी एरर अपेक्षिली असेल, तर कंटेनरमध्ये टेस्ट बहुधा रूट (सगळे अधिकार असलेला यूझर) म्हणून चालते, आणि रूटला ती फाइल आरामात वाचता येते. कंटेनरमध्ये साधा यूझर तयार करून त्याच्या नावाने टेस्ट चालवा.