संशोधन जहाजावर दोन पाळ्यांचा एकत्र खेळ जमत नव्हता, तो असा जमला

बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. एक खेळायला बसली की दुसरी झोपेत. प्रश्नमंजुषेला पाचच जण आले. ठोकळ्यांचा मनोरा हेलकाव्याने पडला. पाळीबदलाला खेळ ठेवला, तर दमलेलं कुणीच थांबेना. फार जीव तुटला.

जमलं ते थर्माकोलच्या कपांनी. आधी मुख्य शास्त्रज्ञ आणि विंच (उपकरणं दोराने समुद्रात सोडणारं-ओढणारं यंत्र) चालवणाऱ्याची परवानगी घेतली. मग चिठ्ठ्या टाकून दिवसपाळी-रातपाळीच्या जोड्या पाडल्या, खलाशी आणि स्वयंपाकीही धरून. दिवसपाळीवाल्याने पर्मनंट मार्करने अर्धं चित्र काढून कप मेसमध्ये ठेवायचा, जोडीदाराने रात्री पुरा करायचा. नंतर प्रत्येक कपात टिश्यू पेपर कोंबला (नाहीतर कप एकमेकांत अडकतात, वाकडे होतात). जाळीच्या पिशवीत घालून पिशवी सीटीडीच्या (खोल समुद्रात सोडून पाण्याचं तापमान, क्षारता, खोली मोजणारं उपकरण) चौकटीला घट्ट बांधली, सेन्सर आणि पाण्याचे नमुने घेणाऱ्या बाटल्यांच्या झाकणांपासून लांब. हे बांधकाम सीटीडी सांभाळणाऱ्याकडूनच करून घ्या.

मग सीटीडी खाली सोडला. ४००० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या सुमारे ४०० पट. थर्माकोलमधली हवा चेपून कप अंगठ्याएवढे होऊन वर आले. पिशवी उघडताना दोन्ही पाळ्या डेकवर होत्या. रातपाळीतला एक जण डोळे चोळत आपला मासा शोधत होता. डोकं त्याच्या जोडीदाराचं, शेपटी त्याची.