गाडी तापतेय? बोनेटला हात लावायच्या आधी एवढं जमवून ठेवा

गाडीचा तापमानाचा काटा वर चढायला लागला की पहिला मोह होतो बोनेट उघडून रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण फिरवायचा, आणि नेमकं तेच करायचं नाहीये. त्यामुळे तयारीतली पहिली गोष्ट म्हणजे वेळ. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि तपासणी सकाळी करा, इंजिन पूर्ण गार पाहिजे, वरून हात लावला तर कोमट लागतंय म्हणजे गार झालं असं नाही. कूलिंग सिस्टिम प्रेशरखाली चालते, बऱ्याच गाड्यांचं झाकण साधारण १ बारच्या आसपासचं असतं, त्या प्रेशरमुळे कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, १०० अंशाच्या वर गेलं तरी उकळत नाही, पण झाकण सैल केलं की प्रेशर जातं आणि तेच कूलंट त्याच क्षणी उकळून अंगावर येतं. चेहरा भाजतो, डोळे जाऊ शकतात. हे मी परत परत सांगेन.

झोपायच्या आधी दोन छोटी कामं करून ठेवा. इंजिनच्या खाली एक मोठा कोरा पुठ्ठा सरकवा आणि त्यावर पुढचं चाक कुठे येतं ते पेनाने लिहा, म्हणजे सकाळी थेंब दिसला तर तो वरच्या कुठल्या भागातून पडला ते शोधता येतं. हिरवा, गुलाबी, नारिंगी आणि बोटांना बुळबुळीत लागणारा थेंब म्हणजे कूलंट, नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते बहुतेक एसीचं, त्याची काळजी नको. दुसरं म्हणजे कूलंटच्या टाकीवर आत्ताची लेव्हल कुठे आहे तिथे टेपची पट्टी लावा आणि टेपवर तारीख टाका.

आता वही. खरं सांगायचं तर माझ्या मते सगळ्या हत्यारांपेक्षा वही महत्त्वाची. गाडी नेमकी कधी तापते ते लिहून काढा, कारण अर्धं निदान तिथेच होतं. सिग्नलला उभी असताना तापते आणि चालायला लागली की काटा खाली येतो, तर आधी फॅनकडे बघायचं. उलट हळू चालवताना ठीक आणि जोरात पळवली किंवा चढ लागला की तापते, तर रेडिएटर (कूलंट गार करणारा पुढचा भाग) आतून तुंबलाय, जाळीत माती-किडे अडकलेत, किंवा पंप पुरेसं कूलंट फिरवत नाहीये. काटा वर आहे पण हिटर लावला तर गार हवा येते, म्हणजे कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकलीये. गाडीत गोडसर वास येतोय, काच आतून तेलकट धुरकट होतेय, पायाखालचं कार्पेट ओलं आहे, हेही लिहा, ते हिटरच्या कोअरचं, म्हणजे हिटरमधल्या छोट्या रेडिएटरचं लीकेज असू शकतं. मी हे न लिहिता एकदा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बदलला, मग पंप बदलला, आणि शेवटी झाकणाचं रबर चिरलेलं निघालं. म्हणून म्हणतो, आधी लिहा, पार्ट नंतर घ्या.

सामान फार लागत नाही. चांगला टॉर्च, जाड हातमोजे, डोळ्यांना गॉगल, जुनी फडकी, पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर, सांडलेलं कूलंट धरायला एक पसरट भांडं. कूलंट कुठलं घ्यायचं ते गाडीच्या पुस्तकात बघूनच घ्या, रंगावर जाऊ नका, रंग सारखा असला तरी आतलं रसायन वेगळं असू शकतं. मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर, नळाच्या पाण्याने क्षार साचतात. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती दाखवणारं यंत्र) मिळाला तर जरूर घ्या, भारतातल्या साधारण २०१३ नंतरच्या बऱ्याच गाड्यांना चालतो, पोर्ट बहुतेक स्टिअरिंगच्या खाली असतो. डॅशबोर्डवरचा काटा बऱ्याच गाड्यांमधे मुद्दाम मधेच स्थिर ठेवलेला असतो, स्कॅनरवर मात्र खरे अंश दिसतात. कूलंट प्रेशर टेस्टर कोणाकडून उसना मिळाला तर लीकेज शोधायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, फक्त झाकणावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त हवा भरू नका.

सकाळी आधी पुठ्ठा, मग टेपची लेव्हल, मग रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे जाड रबरी पाइप. तो चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर झाकणातला छोटा व्हॉल्व्ह अडकलाय. झाकण उघडून रबर बघा, कूलंट गंजलेलं तपकिरी आहे का बघा, आणि ऑइलचं झाकण काढून त्याच्या आतल्या बाजूला दुधाळ चिकट थर आहे का तेही. थोडासा थर फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही येतो, पण डिपस्टिकवरचं ऑइलही तसंच दिसलं तर ती गाडी सुरूच करू नका.

गाडी सुरू करायच्या आधी ओढणी, लोंबणारी बाही, मोकळे केस बांधून घ्या, आणि लक्षात ठेवा की इलेक्ट्रिक फॅन काही गाड्यांमधे चावी काढल्यावरही अचानक फिरतो. सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांतच, इंजिन गार असताना, वरचा होज दगडासारखा कडक झाला किंवा टाकीत सतत बुडबुडे यायला लागले तर हेड गॅस्केटचा (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्या, तिथे घरचं काम संपलं. नाहीतर गाडी उभ्या उभ्या गरम होऊ द्या. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९५ अंशात उघडतो, तोपर्यंत खालचा होज गार राहणार, पण त्याच्या बरंच पुढे जाऊनही वरचा चटका देतोय आणि खालचा गारच, तर थर्मोस्टॅट बंद अडकलाय किंवा रेडिएटर तुंबलाय. फॅन आपोआप लागत नसेल तर एसी लावून बघा. एसीवर फिरला म्हणजे मोटर चांगली आहे, सेन्सर किंवा त्याचं वायरिंग बघा. एसीवरही नाही, तर फ्यूज, रिले, मग मोटर. या सगळ्यात काटा लाल पट्टीकडे निघाला की लगेच इंजिन बंद, अजून एक मिनिट बघू असं नको, हेड वाकायला तेवढं पुरतं.

शेवटी सांडलेल्या कूलंटचं. बहुतेक कूलंटमधे इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड आणि विषारी, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्यानेही जीव जातो. म्हणून ते भांडं उघडं ठेवून आत जाऊ नका, लगेच झाकणाच्या कॅनमधे ओता, कॅनवर मोठ्या अक्षरात कूलंट लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, आणि जमीन पाणी टाकून पूर्ण धुऊन घ्या.