इंदूर ते ओंकारेश्वर पायी: ड्युशेनच्या संशोधनासाठी पैसा उभा करताना

माझ्या बहिणीचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. स्नायू टिकवणारं डिस्ट्रॉफिन हे प्रथिन त्याच्या शरीरात बनत नाही, म्हणून आधी पाय गेले. त्याच्यासाठी रामबागेतले आम्ही सात-आठजण दर डिसेंबरात ओंकारेश्वरला चालत जातो. सुमारे 80 किलोमीटर, तीन दिवस. तुम्हालाही असं काही करायचं असेल तर बुटांआधी पैशांचं ठरवा.

पहिल्या वर्षी सगळ्या देणग्या मी स्वतःच्या खात्यात घेतल्या. कुणाचे किती, हे जुळवता जुळवता होळी आली आणि दोन घरं दुखावली. आता देणगी थेट संशोधन संस्थेच्या खात्यात जाते, आमच्याकडे फक्त पावतीचा फोटो येतो. पावतीवर ‘संशोधनासाठी’ असं लिहून घ्याच. 2000 रुपयांच्या वर रोख नको, त्यावर आयकरात सूट मिळत नाही. अमेरिकेतला चुलतभाऊ तिकडचा नागरिक झाला असेल, तर संस्थेची एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी, आहे का ते आधी विचारा.

आम्ही किलोमीटरमागे पैसे मागतो. ‘काकू, किलोमीटरला पाच रुपये’ म्हटलं की माणूस चटकन हो म्हणतो. वही भाच्याकडे असते. दर दहा किलोमीटरला मी त्याला फोन करते आणि तो खूण करतो.

दारात उभं राहाल तेव्हा आजार नीट सांगता आला पाहिजे. बिघडलेलं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून हा आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. ‘आईकडून आलाय’ हे माझ्या बहिणीने फार ऐकलंय. सुमारे एक तृतीयांश मुलांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो, आईत नसतोच. आणि आई वाहक असली तरी त्यात तिचा अपराध काय? हे मी प्रत्येक घरी सांगते, देणगी मिळो न मिळो.

चालण्याचा सराव दहा आठवडे आधी सुरू करा. शेवटी शेवटी सलग दोन दिवस वीस-वीस किलोमीटर झाले पाहिजेत. रालामंडळची टेकडी चढा आणि उतराही, कारण सिमरोलपुढच्या घाटात गुडघ्यांची परीक्षा उतारावरच होते. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. सुती मोजे घाम धरून ठेवतात, फोड त्यानेच येतात. टाच चुरचुरली की तिथेच बसून टेप लावा, पुढच्या चहापर्यंत थांबू नका. खंडवा रोडवर ट्रक फार, म्हणून उजव्या कडेने, एकामागे एक चाला, आणि घाट उजेडातच. मुक्काम चोरल आणि बडवाहला.

परतल्यावर आठ दिवसांत प्रत्येकाला हिशेब पाठवा. आमचा हिशेब भाचा टाइप करतो. त्याची बोटं अजून छान चालतात.