जुनापाणीची शिळावर्तुळं बघायला जायचंय? मग हे आधी वाचा

आपल्या मुंबईकरांचं जुनं म्हणजे घारापुरी, फार तर कान्हेरी. त्याच्याही आधीचं बघायचं असेल, म्हणजे लोखंड वापरणाऱ्या, घोडे पाळणाऱ्या अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांच्या कबरी, तर सरळ नागपूर गाठा. शहरापासून साधारण दहा किलोमीटरवर, काटोल रोडच्या बाजूला जुनापाणी आहे, तिथे अशा कबरींभोवती मांडलेल्या दगडांची ३०० च्या आसपास वर्तुळं आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे अपेक्षा नीट ठेवा. फोटोत बघितलेलं ते तीन दगड उभे आणि वर एक आडवा, तसलं काही इथे नाहीये. मोठमोठे काळे दगड गोल मांडलेत, मध्ये जरासा उंचवटा, वर गवत आणि झुडपं, बस. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एप्रिलमध्ये भर दुपारी बाराला पोचलो (डोंबिवलीतल्या माणसाला विदर्भाचं ऊन काय माहीत), दोन वर्तुळांच्या मधून चालत गेलो तरी कळलं नाही आणि वर रिक्षावाल्याला विचारतोय की कबरी कुठे आहेत. शेवटी शेळ्या चारणारे एक काका म्हणाले, "काय पाहून राहिले भाऊ? तुम्ही त्याच्यातच तर उभे आहात!"

म्हणून वेळ महत्त्वाची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा आणि सकाळी लवकर जा. ऊन तिरपं असलं की प्रत्येक दगडाची सावली लांब पडते आणि अख्खा गोल आपोआप डोळ्यात भरतो. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर गवत कमरेएवढं असतं, काही दिसत नाही आणि सापाची भीती वेगळीच. फुल पँट आणि जाड बूट घाला, मोजे जुने घाला कारण कुसळं घुसली की ते फेकायच्याच लायकीचे उरतात. पाणी माणशी दोन लिटर, तिथे दुकान वगैरे धरून चालू नका, तर्री पोहे शहरातच हाणून निघा.

जायचं कसं तर सीएसएमटीहून दुरंतो किंवा विदर्भ एक्सप्रेस, रात्री बसायचं सकाळी नागपूर. गाडी असेल तर समृद्धी महामार्ग आहेच, ७०१ किलोमीटर, पण एकट्याने चालवू नका, सरळ रस्त्यावर झोप येते. स्टेशनवरून रिक्षा जाण्यायेण्याची ठरवा आणि थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्या, कारण परतीला तिथे रिक्षा मिळायची नाही.

आता खरी मजा. पोचल्यावर एकच वर्तुळ निवडा आणि त्याच्याभोवती सावकाश फिरा, शंभर बघायच्या नादात एकही बघून होत नाही. बाहेरच्या कडेचा एकेक दगड वाकून बघा. काहींवर नाण्याएवढे गोल खळगे कोरलेले सापडतील, बऱ्याचदा रांगेत. नुसत्या नजरेला पटकन दिसत नाहीत, त्यामुळे मोबाईलचा टॉर्च दगडाला चिकटवून आडवा धरा आणि दुसऱ्या हाताने वरचं ऊन अडवा, खळगे एकदम काळे उठून दिसतात. बोट फिरवलं तर आतली कड गुळगुळीत लागते, निसर्गाने पडलेला खड्डा असा लागत नाही. खडू किंवा पीठ भरून फोटो काढायचा मोह टाळा प्लीज. खळग्यांचा दगड दिसला की फोनवरचं होकायंत्र उघडून दिशा लिहून ठेवा. तेव्हा आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत असलेले खगोलशास्त्रज्ञ मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे हेच मोजलंय, हे दगड ठराविक दिशांनाच येतात आणि त्याचा आकाशाशी संबंध असावा असं त्यांचं म्हणणं. मला अजून शंभर टक्के पटलेलं नाही, पण स्वतः मोजताना वेळ कसा गेला कळलं नाही.

मधल्या उंचवट्यावर चढू नका. खाली काळी चिकण माती आणि दगडगोट्यांची भर आहे आणि तिच्यात कुणालातरी पुरलंय. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ मध्ये इथे खोदलं, सापडलेल्या वस्तू लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. पुढे १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी तीन वर्तुळं खोदली. काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, घोड्याचा लगाम असलं सामान मिळतं अशा कबरींत. जवळच्या माहुरझरीला तर घोड्याच्या तोंडावर घालायचा तांब्याचा साज निघाला.

एखादं खापर पायाशी दिसलं तरी उचलायचं नाही, फोटो काढा आणि सोडून द्या. जागा पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेली आहे, नासधूस केली तर १९५८ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

प्लॅन शनिवारी जुनापाणी, रविवारी अजब बंगला असा करा. नागपूरचं हे म्युझियम १८६३ चं आहे, सोमवारी बंद असतं, आणि चालू आहे ना ते निघायच्या आधी फोन करून विचारा. रविवारी रात्रीची परतीची गाडी मात्र आधीच बुक करून ठेवा, वेटिंगवर राहिलात तर सोमवारची सुट्टी टाकावी लागेल.